पेवातला दिवा

आमच्या घरात उष्णतेबद्दल जेवढं बोलणं होतं तेवढं सांगलीतल्या दुसऱ्या कुठल्या घरात होत नसेल. बाकीचे लोक उन्हाळ्यात "लय उकडतंय" म्हणतात, पंखा लावतात आणि विषय संपवतात. आमचे सुभेदार "लय उकडतंय" म्हणतात आणि त्यांचे डोळे चमकतात. "एवढं सगळं फुकट चाललंय गं," असंही वर म्हणतात, जणू कुणी आमच्या विहिरीचं पाणी चोरून नेतंय.

सुभेदार म्हणजे माझे यजमान, कृष्णात. फौजेत मेकॅनिक होते, नायब सुभेदार होऊन घरी आले. ते सरहद्दीवर होते तेव्हा ऊस आणि हळद मी सांभाळली, त्यामुळे आमच्या घरात हुकूम माझा चालतो आणि नाद त्यांचा. हा नाद त्यांना लडाखमध्ये लागला. थंडीनं वायरलेसची बॅटरी मेली, बाहेर बर्फ, आत बुखारीची शेगडी पेटलेली आणि खालच्या चौकीशी बोलता येईना. "इकडं जाळ, तिकडं बर्फ, आन् मधी आमी मुक्यावानी बसल्यालो," हे मी इतक्या वेळा ऐकलंय की ते "इकडं" म्हणाले की पुढचं मी म्हणते. गंमत अशी की मला त्याचा कंटाळा येत नाही. एवढी ऊब हाताशी असताना माणूस विजेवाचून का बसतो, हा प्रश्न काही खोटा नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी मिरजेच्या भंगार दुकानांत फेऱ्या सुरू केल्या. तिथं दवाखाने पुष्कळ, म्हणून दवाखान्यांचं भंगारही पुष्कळ. औषधं गार ठेवायच्या जुन्या पेट्यांमधून त्यांनी पांढऱ्या चकत्या काढून आणल्या. प्रत्येक चकती बिस्किटाएवढी, तिला दोन वायरी. "हिला वीज दिली की एक बाजू तापती आन् दुसरी गार पडती," त्यांनी मला समजावलं. "आता उलटं कर. एक बाजू आपण तापवायची, दुसरी गार ठेवायची. मग ही वीज देती."

मला ते पटेना, म्हणून त्यांनी चकतीची एक बाजू चहाच्या गरम पातेल्याला लावली आणि दुसऱ्या बाजूवर फ्रिजमधला बर्फ ठेवला. वायरींच्या टोकाला एक बारीक एलईडी होता. तो लागला. कुठं सेल नाही, बटण नाही, चहा आणि बर्फ एवढ्यावर तो हिरवा ठिपका जळत होता. मी चहा गार होईपर्यंत बघत बसले. तेव्हापासून त्यांची थट्टा करायची मी सोडली नाही, पण पसारा आवरा म्हणणं मात्र सोडलं.

आता पातेलं आणि बर्फ प्रत्येकाच्या घरी असतो, त्यात काय मोठं. सुभेदारांना हवी होती ती हवेतली, पत्र्यातली, अंगणातली ऊब. त्यांनी चैत्रात गोठ्याच्या पत्र्यावर चकत्या चिकटवल्या. पत्रा एवढा तापला होता की त्यावर पापड भाजले असते. दिवा लागला, आणि आम्ही शेजारच्या नानासोंना बोलावून आणेपर्यंत विझला. नानासोंचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, त्यामुळे वीज ही आपल्या घरची गोष्ट आहे असं ते समजतात.

"सुभेदार, दिवा कुटं हाय?" नानासो म्हणाले. "का त्योबी पेन्शनीत गेला?"

सुभेदारांनी चकतीच्या वरच्या बाजूला हात लावला. तीही भाजत होती. तिथंच त्यांना कोडं सुटलं, आणि ते शिडीवर उभे राहून मला ओरडून सांगायला लागले. नुसती उष्णता असून उपयोग नाही. दोन्ही बाजू सारख्या तापल्या की चकती मुकी होते. तिला फरक पाहिजे. इकडं ताप असेल तर तिकडं गारवा पाहिजे, आणि तो टिकला पाहिजे. "पत्र्यावर गारवा कुटनं आनू?" असं ते मलाच विचारत होते, मी काय गारवा पदरात बांधून ठेवला होता! पुढचे काही दिवस त्यांनी माझ्या पिण्याच्या पाण्याच्या माठाला चकत्या बांधल्या. माठ पाझरतो म्हणून गार असतो, ते खरं, दिवाही मिणमिणला. पण पाण्याला चकती चिकटवायच्या मलमाचा वास यायला लागला आणि मी माठ परत घेतला.

मग एके सकाळी ते अंगणात पेवाच्या झाकणावर बसून चहा पीत होते, आणि बसल्या बसल्या त्यांनी खाली बघितलं.

पेव म्हणजे जमिनीखालची हळदीची कोठी. वरून फक्त दगडी झाकण दिसतं. तोंड एवढं अरुंद की एका माणसानं खांदे आवळून उतरावं, आत मात्र मोठं पोट, दोन पुरुष खोल. हळद भरायची, झाकण बसवायचं आणि मातीनं लिंपून टाकायचं. आत वारा जात नाही म्हणून कीड लागत नाही, आणि कधीही काढली तरी हळदीचा रंग जसाच्या तसा. नदीकाठच्या आमच्या गावात पूर्वी अंगणाअंगणात पेवं होती. महापुरात बहुतेकांत पाणी शिरलं आणि लोकांनी ती बुजवली. आमचं उंचवट्यावर होतं म्हणून राहिलं.

पण जिथं किडीला जगता येत नाही तिथं माणसालाही येत नाही. म्हणून पेव उघडलं की आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. ज्योत मिटली तर थांबायचं. ज्योत जळत राहिली तर माणूस उतरणार. दिवा राहिला की माणूस उतरणार, हे आमच्याकडं पोरांनाही पाठ असतं.

आमच्या पेवात उतरणारा माणूस एकच, अर्जुना. मूळचा म्हसवडकडचा. घरात मेंढरं होती, ती कमी कमी होत गेली, आणि तो बायकोला घेऊन इकडं हळदीच्या कामाला आला तो राहिलाच. त्याचा थोरला भाऊ तात्याबा असाच एका पेवात गेला. खाली कोसळलेल्या माणसाला काढायला उतरला आणि दोघंही तिथंच राहिले. त्यानंतर अर्जुनाची बायको भामाबाई हिनं नियम केला: मी तोंडाशी असल्याशिवाय तुम्ही उतरायचं नाही, आणि कमरेला दोरी बांधल्याशिवाय तर नाहीच नाही.

ती पेवाच्या तोंडाशी पालथी पडते, खालच्या कंदिलावर डोळा ठेवते आणि हाका मारते. नवऱ्याचं नाव घेत नाही. "आवं!" म्हणते. खालून अर्जुना म्हणतो, "हाय!" आम्ही वर हळदीच्या पाट्या ओढत असतो आणि दिवसभर हेच चालू असतं. आवं, हाय. आवं, हाय. मी एकदा तिला विचारलं, भामाबाई, घसा दुखत नाही का?

"दुकू द्या की, वैनी," ती म्हणाली. "त्यो हाय म्हनला की मला म्होरला श्वास घेता येतो."

तर सुभेदारांनी झाकणावर बसून खाली बघितलं आणि चहा अर्धा टाकून उठले. त्यांना कळलं होतं की गारवा कुठं आहे. वर अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाय ठेवता येत नाही, आणि त्याच फरशीखाली, पेवाच्या गळ्यात, बारा महिने गार असतं. यंदा पेव काढायचंच होतं, आणि रॉकेल तर आता बघायलाही मिळत नव्हतं. कंदिलात काय घालायचं याची चिंता अर्जुनाला होतीच.

"कंदील सोड रं आता, गड्या," सुभेदार त्याला म्हणाले. "तुज्या पेवात मी अंगनाच्या उनानं दिवा लावतो."

अर्जुना हसला. भामाबाई हसली नाही, पण तिला बघायचं होतं. मलाही होतं, खोटं कशाला सांगू.

पेव उघडलं त्या दिवशी उन्हानं कहर केला होता. सुभेदारांनी मनगटाएवढी जाड अ‍ॅल्युमिनियमची कांब आणली होती. ती पेवाच्या गळ्यात एका कडेला सोडली, तिच्या माथ्यावर चकत्या बसवल्या आणि चकत्यांवर काळा रंगवलेला पत्रा ठेवला. पत्रा उन्हात, कांब गारव्यात. वायर खाली सोडली आणि वायरीच्या टोकाला चार एलईडींचा झुबका. आम्ही सगळे तोंडाभोवती वाकून बसलो. आधी काहीच नाही. मग पत्रा तापत गेला तसा खाली काळोखात पांढरा उजेड उमलला आणि हळदीचे ढीग पिवळेधमक दिसायला लागले. कंदिलाच्या तांबूस उजेडात मी हळद इतकी वर्षं बघितली होती, पण ती एवढी पिवळी असते हे मला त्या दिवशी कळलं.

मी कांबीला हात लावला, ती गार होती. पत्र्याजवळ हात नेला, तो पोळला. या दोघांच्या मधे एक बोटभर जागा आणि तिथून उजेड निघत होता. नानासोंनी वाकून वायर वरपासून खालपर्यंत निरखली. मग म्हणाले, "सुभेदार, चेष्टा माघारी घेतली." सुभेदारांची छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं तेवढं राहिलं.

आम्ही थांबलो. दिवा जळत राहिला. सावली सरकली तरी जळत राहिला. अर्जुनानं वाकून बघितलं, मान हलवली, कमरेला दोरी बांधली आणि उतरला. कुणालाच काही वाटलं नाही, माझ्यासकट. दिवा राहिला की माणूस उतरणार.

"आवं!"

"हाय!"

पहिली पाटी वर आली. दुसरी आली. भामाबाई पालथी पडून बघत होती. एवढा उजेड तिनं पेवात कधी पाहिला नव्हता, आणि मला म्हणालीही, "वैनी, आज त्येंचं त्वांड दिसतंय मला."

"आवं!"

"हाय."

ढिगाच्या तळाला हात घालायला तो खाली वाकला.

"आवं!"

काही नाही.

"आवं!"

नानासो म्हणाले, "काम करत आसंल. दिवा जळतोय की ढळढळीत." आम्ही सगळ्यांनी दिव्याकडं बघितलं आणि आम्हाला धीर आला. बाई जीव तोडून ओरडत होती, खालून उत्तर येत नव्हतं, आणि आम्ही दिव्याकडं बघत होतो.

भामाबाई दिव्याकडं बघत नव्हती. ती उठली आणि दोरीला झोंबली. "वडा!" ती किंचाळली. "वडा, वडा, त्यो न्हाई बोलत!"

सुभेदारांनी दोरी धरली, नानासोंनी धरली, मी धरली. दोरी जड लागली तेव्हाच मला कळलं की वजन मेल्यासारखं आहे. अर्ध्यावर तो अडकला. सुभेदारांनी दोरी आमच्या हाती देऊन पाय आत सोडले. भामाबाईनं त्यांची कॉलर धरून त्यांना मागं ओढलं.

"न्हाई! एकामागं दुसरा जातो आन् दोगंबी ऱ्हात्यात. वरनं वडा!"

आम्ही वरूनच ओढला. खांदे सोलले, पण आला. ओठ काळेनिळे झाले होते. सुभेदारांनी फौजेत शिकवलं होतं तसं त्याच्या तोंडात श्वास भरला, पुन्हा भरला. भामाबाई त्याच्या पायाशी बसून हाका मारतच होती. मग त्याची छाती एकदम वर आली, तो खोकला, आणि अंगणात कोण कोण रडलं ते मला माहीत नाही. मी तर रडलेच.

मिरजेला दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला. सुभेदार कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते. भामाबाई त्यांच्यासमोर येऊन थांबली. मला वाटलं ही आता तोंड सोडणार, आणि सोडलं असतं तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "सुबेदार, तुमच्या दिव्याला श्वास लागत न्हाई. माज्या मानसाला लागतो."

तेवढ्यानं सगळं उघडं झालं. कंदील कशासाठी सोडायचा हे आम्ही सगळे विसरलो होतो. उजेडासाठी सोडायचा असं धरून चाललो होतो. ज्योत हवा खाते, हवा वाईट असली की ती आधी मरते, माणसाच्या आधी, म्हणून तिला पुढं पाठवायचं. आमचा दिवा तर अंगणातलं ऊन खात होता. खाली काय होतं याचा त्याला पत्ताच नव्हता. अर्जुना खाली पडला तेव्हाही तो ढळढळीत जळतच राहिला.

अर्जुना बरा झाला आणि भामाबाई त्याला घेऊन म्हसवडला गेली. पेवात हळद तशीच राहिली. आम्ही झाकण लावलं. सुभेदारांनी चकत्या ट्रंकेत घातल्या, ट्रंक माळ्यावर टाकली आणि उकाड्याबद्दल बोलणं बंद केलं. उन्हाळा तोच, पण "लय उकडतंय" असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. मला वाटायचं, घरातलं कुणीतरी गेलंय. मी मुद्दाम "इकडं जाळ, तिकडं बर्फ" म्हणून बघितलं. ते उठून रानात गेले.

मला राग यायचा. त्यांचा यायचा, माझा यायचा, त्या पांढऱ्या उजेडाचा यायचा. आणि रागाच्या तळाशी एक प्रश्न टोचत होता. अर्जुनाचा भाऊ गेला तेव्हा पेवात कंदील नव्हता का? होता. मी नानासोंच्या आईला विचारलं. म्हातारी म्हणाली, कंदील होता, विझलाही होता, पण वरच्या माणसाचं लक्ष नव्हतं. म्हणजे कंदीलही पुरा पडत नाही. त्याला सतत बघणारा डोळा लागतो, म्हणून तर भामाबाई पालथी पडून राहते.

एका संध्याकाळी वीज गेली. मी जुन्या कंदिलाची टाकी काढून त्यात जाड मेणबत्ती उभी केली आणि स्वयंपाकाला लागले. भाकरी थापता थापता हात कंदिलाच्या टोपीला लागला आणि चांगलाच पोळला. बोट तोंडात धरून मी तशीच उभी राहिले. टोपी एवढी तापते. पेवात तर गारवा असतो. मग आपल्या दिव्यानं वीज अंगणाच्या उन्हातून का घ्यावी? ती या ज्योतीतूनच घेतली तर? ज्योत मेली की ताप मेला, ताप मेला की वीज मेली. आणि वायर वर आणली तर खालची ज्योत मेलेली वर अंगणात कळेल.

भाकरी करपली. मी शिडी लावून माळ्यावर चढले.

"मला त्या चकत्या दावू नगंस," सुभेदार म्हणाले.

"दावनार. बगा तरी मी काय म्हंते."

"माजा त्यातला जीव गेलाय."

"बरं. मग मी नानासोंकडनं करून घेते."

ते वळले. "नानासो? त्येला मोटार गुंडाळाय येती. ह्ये त्येच्या बाला जमनार न्हाई." आणि त्यांनी माझ्या हातातली ट्रंक घेतली. मला आतून एवढं हसू आलं की मी करपलेल्या भाकरीकडं तोंड फिरवलं.

टोपीच्या जागी चकती बसली, चकतीच्या वर गारवा धरायला पात्यापात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. वायर लांब, तिच्या टोकाला एकच तांबडा एलईडी. मेणबत्ती लावली की थोड्या वेळानं दूर दारात तांबडा ठिपका लागे. पहिल्यांदा ती फुंकून विझवली तर ठिपका बराच वेळ जळत राहिला, कारण ज्योत आणि चकतीच्या मधला जाड पत्रा तापलेलाच होता. सुभेदारांचा चेहरा पडला. "ह्यो बी खोटंच बोलतोय," ते म्हणाले. त्यांनी पत्रा बदलला, पातळ लावला, आणखी पातळ लावला. आयुष्यभर हा माणूस ऊब साठवायला धडपडला होता, आणि आता ऊब लवकर कशी सुटेल याच्यामागं लागला होता.

मग आम्ही आटपाडीवरून म्हसवडला गेलो. अर्जुनाची वस्ती गावाबाहेर माळावर. दोघंही सिद्धनाथाला नारळ फोडून नुकतीच आली होती. अर्जुना वाळला होता. मी त्याला सरळ सांगितलं की पेवासाठी आलो नाही. हळद राहू दे, जेसीबी लावून पेव फोडून काढू. फक्त हे एकदा बघा.

"पेव फोडनार?" अर्जुना म्हणाला. "वैनी, खरं सांगू? मला आता हिरीतबी वाकून बघाय भ्या वाटतं. आता न्हाई उतारलो तर ह्ये भ्या जल्मभर ऱ्हानार माज्यात."

भामाबाईनं कंदील उचलला, टोपीच्या जागची चकती बघितली, वायर बोटांनी चाचपली. मग मेणबत्ती लावायला सांगितली. ठिपका लागला तसा तिनं तो तळहातावर घेतला आणि म्हणाली, "इजवा."

सुभेदारांनी ज्योत चिमटीत विझवली. भामाबाई ठिपक्याकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "आवं!" मग पेवावर थांबते तेवढीच थांबली. "आवं!" पुन्हा थांबली. तिसऱ्या हाकेला ठिपका गेला.

"तीन हाका," ती म्हणाली. "तीन हाकंत मी त्येंला वर वडती." मग दाराशी जमिनीत अर्धा गाडलेला रिकामा रांजण होता, तिकडं तिनं बोट केलं. "आता ह्यात सोडा."

पेटता कंदील रांजणात सोडला. वर झाकण ठेवलं आणि भामाबाईनं स्वतः ओली माती कालवून ते चौफेर लिंपलं, पेवाचं तोंड लिंपतात तसं. फक्त वायर बाहेर राहिली. ती ठिपका हातात घेऊन उंबऱ्यावर बसली. आम्ही चहा घेतला. ठिपका जळत होता. शेजारच्या वस्तीवरची माणसं येऊन उभी राहिली. ठिपका जळतच होता, आणि सुभेदारांच्या कपाळावरून घाम गळत होता. इतकी वर्षं या माणसानं दिवा राहावा म्हणून देव पाण्यात ठेवले होते. त्या दिवशी तो विझावा म्हणून त्यांचे ओठ हलत होते.

ठिपका फिका झाला. भामाबाईनं मूठ करून आत बघितलं. मग मूठ उघडली. अंधार.

तिनं उठून झाकणाची माती फोडली, आत वाकली. मेणबत्ती शिल्लक होती, वात शिल्लक होती, ज्योत नव्हती. ती सुभेदारांकडं वळली.

"ह्येला लागतो श्वास," ती म्हणाली.

सुभेदार माळाकडं तोंड करून उभे राहिले आणि खांदे हलवून रडले. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. अर्जुनानं जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रडतंय काय, सुबेदार," तो म्हणाला. "दिवा गेलाय, मी न्हाई."

पुढच्या आठवड्यात आम्ही पेव पुन्हा उघडलं. पहिल्या दिवशी कंदील खाली सोडला तर वरचा ठिपका गेला, आणि आमच्या अंगणात टाळ्या वाजल्या. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं असेल, या घरातली माणसं उन्हानं कामातनं गेली. झाकण मोकळं ठेवून सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी ठिपका लागला आणि लागलेलाच राहिला. सुभेदारांनी तो काठीला बांधून पेवाच्या तोंडाशी रोवला होता, त्यामुळे भामाबाईला पालथं पडायची गरज नव्हती. ती मांडी घालून बसली, दोरी हातात धरून.

अर्जुनानं कमरेची गाठ दोनदा तपासली. पाय आत सोडून तो थांबला. एवढा वेळ थांबला की मी म्हणणार होते, राहू दे बाबा. तेवढ्यात तो उतरला.

आता सगळ्यांचे डोळे त्या तांबड्या ठिपक्यावर. तो मजेत जळत होता. भामाबाईनं श्वास भरून घेतला तसे नानासो म्हणाले, "आता घसा कशाला कोरडा करता, भामाबाई? दिवा हाय की."

भामाबाईनं ठिपक्याकडं बघितलं, नानासोंकडं बघितलं, आणि पेवाच्या तोंडावर वाकली.

"आवं!"

सुभेदारांनी माझं मनगट घट्ट धरलं.

खालून, हळदीच्या ढिगाआडून, आवाज आला, "हाय!"

मग मी श्वास घेतला.